विक्रोळीच्या घरात ओपन-बॅक हेडफोन: चार ऐकले, एचडी ५६०एस ठेवला

मुंबईत ओपन-बॅक हेडफोन घेऊ नकोस, असं मी विचारलं त्या जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितलं. बाहेरचं सगळं आत येतं, आतलं सगळं बाहेर जातं, आणि आपल्याकडे बाहेर आवाजाची कमी आहे का, हा सगळ्यांचा एकच मुद्दा. माझं मत नेमकं उलट आहे. मी कन्नमवार नगरात आईबरोबर राहते. बँकेतून आले की गाण्याचा रियाज करते आणि रात्री जेवणं आटपली की पुण्यातल्या भावाबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळते. असं दोन्ही करणाऱ्या माणसाला, आणि अशाच लहान घरात, ओपन-बॅकच घ्यावा असं मी आता ठामपणे सांगते.

मी घेतला सेनहायझरचा एचडी ५६०एस. त्याआधी बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, हायफायमॅनचा एचई४००एसई आणि एकेजीचा के७०२ हे तिन्ही ओळखीच्यांकडून मागून आणले आणि माझ्याच खुर्चीत, माझ्याच पंख्याखाली निवांत ऐकले. डीटी ९९० अंधेरीत डबिंगचं काम करणाऱ्या मैत्रिणीचा, हायफायमॅन ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा, आणि के७०२ आमच्या गुरुताईंच्या मुलाचा. त्याच्याकडे सेनहायझरचाच एचडी ६५०सुद्धा आहे. तो त्याने घरी न्यायला दिला नाही, पण तिथे बसून मनसोक्त ऐकू दिला.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे हलतो तसाच मागेही हलतो. बंद हेडफोनमध्ये मागे गेलेला आवाज कानावरच्या वाटीत कोंडतो, आतल्या भिंतीवर आपटतो आणि मूळ आवाजात मिसळतो. ओपन-बॅकमध्ये वाटीची पाठ जाळीची असते, त्यामुळे तो आवाज निघून जातो. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा, तो अशा प्रकारचा पहिला. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. गाणं डोक्याच्या आत न वाजता कानांच्या जरा बाहेर, मोकळ्यात वाजतंय असं वाटतं, ते याच जाळीमुळे.

आता घराचं. आमचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि पूर्व द्रुतगती मार्गाची दिवसरात्र चालणारी घोंघो. वर पंखा. पंखा बंद करून गाणं ऐकायचं, हा सल्ला देणारा माणूस मे महिन्यात विक्रोळीत राहिलेला नाही. हे दोन्ही आवाज एकसुरी आणि खालच्या पट्टीतले आहेत, त्यामुळे ते सगळ्यात आधी गाण्यातला खर्ज खातात. दुपारी तीन वाजता ओपन-बॅकमध्ये डग्ग्याची घसीट, म्हणजे मनगट सरकवून काढलेलं गुंजन, नीट ऐकायची अपेक्षा ठेवू नये, ती मिळत नाही. रात्री साडेदहानंतर रस्ता जरा निवतो, शेजारच्यांचा टीव्ही बंद होतो, आणि मग त्याच हेडफोनमध्ये तीच घसीट पोटात जाणवते. ज्याला फक्त दिवसाच ऐकायला वेळ आहे आणि ज्याचं घर रस्त्याला लागून आहे, त्याने ओपन-बॅकवर पैसे घालू नयेत.

बाकी सगळं मात्र ओपन-बॅकच्या बाजूचं आहे. माझा आधीचा गेमिंग हेडसेट बंद वाट्यांचा होता, रेक्झिनच्या गाद्यांचा. आपल्या हवेत त्या गाद्यांचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असेल. एका पावसाळ्यात वरचा थर सुटायला लागला, आणि रोज हेडसेट काढला की कानामागे, मानेवर, ड्रेसच्या कॉलरवर काळी पापुद्र्यांची पूड. अर्ध्या तासात कान घामाने चिंब. एचडी ५६०एस, डीटी ९९० आणि के७०२ या तिघांना मखमली गाद्या आहेत आणि पाठ उघडी आहे, हवा खेळते. उकाड्याच्या रात्रीही दोन तास सलग बसता येतं. हा फरक कुठल्याच आलेखात दिसत नाही, पण मुंबईत पहिला मान मी यालाच देईन.

दुसरं म्हणजे आई. तिचे गुडघे दुखतात, रात्री उठायचं झालं तर ती हाक मारते. ती हाक मला पहिल्यांदाच ऐकू आली पाहिजे, तिसऱ्यांदा नाही. बंद हेडसेट लावून बसले की मी एक कान सतत उघडा ठेवायचे, म्हणजे ना धड खेळ, ना धड लक्ष. आता दोन्ही कान झाकलेले असतात आणि तरी दाराची बेल, कुकरची शिट्टी, आईची हाक, सगळं कळतं. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर हे नीट लक्षात घ्या.

आवाज बाहेर जातो हे खरं आहे. मी नेहमी ठेवते त्या आवाजावर हेडफोन टेबलावर ठेवून आईच्या अंथरुणाशी जाऊन ऐकलं. शेजारच्या घरात बारीक लावलेल्या रेडिओइतकं ऐकू येतं: शब्द कळत नाहीत, ताल कळतो. आईची झोप मोडत नाही. एकाच पलंगावर शेजारी कोणी झोपत असेल तर मात्र मोडेल. भाऊ पुण्यात तिघांच्या खोलीत राहतो, त्याला मी साफ सांगितलं की तू हे घेऊ नकोस.

आता ऐकण्याचं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

मी चारही हेडफोन आधी नुसत्या तानपुऱ्यावर ऐकले. गाणं नाही, तबला नाही, फक्त चार तारा. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीवरचा षड्ज. या पट्टीत खर्जाची तार साधारण १०४ हर्ट्‌झवर वाजते, आणि तानपुरा नीट मिळालेला असला, जवारी (घोडीवर तार घासून येणारा झणकार) खुललेली असली, की त्या एका तारेतून आपोआप गंधार निघतो. स्वयंभू गंधार. तो खर्जाच्या पाचपट, म्हणजे ५२० हर्ट्‌झच्या आसपास असतो. तो कोणी वाजवत नाही, तो उगवतो. माझी परीक्षा एवढीच होती: खर्जाची तार छेडल्यावर गंधार कधी वर येतो, किती वेळ राहतो, आणि पुढची पंचमाची तार वाजल्यावर तो झाकला जातो की तिच्या शेजारी उभा राहतो. जवारीचा झणकार वर कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत जातो, त्यामुळे वरचा भाग वाढवलेला हेडफोनही इथे लगेच सापडतो.

एचडी ५६०एसमध्ये गंधार सुटा आणि स्वच्छ येतो. पंचम वाजल्यावरही तो जात नाही, मागे राहतो. झणकार आहे, थोडा जास्तच आहे. चार-पाच हजार हर्ट्‌झच्या भागात हा हेडफोन जरा पुढे येतो, आणि सतार किंवा सारंगी जवळून रेकॉर्ड केलेली असेल तर मधूनच एखादा स्वर टोचतो. पण चारही तारा चार जागी ऐकू येतात. खालचा भाग ओपन-बॅकच्या मानाने चांगला खोल जातो. खर्ज नुसता सुचवला जात नाही, वाजतो.

डीटी ९९० प्रो पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना आवडतो आणि मला त्याचं कारण कळतं. खालचं आणि वरचं, दोन्ही वाढवलेलं. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले, इतकी ताशाची काडी समोर आली. पण तानपुऱ्यावर हाच गुण आड येतो. आठ हजार हर्ट्‌झच्या आसपास त्याला मोठा उंचवटा आहे आणि त्यामुळे जवारीचा फक्त वरचा किणकिणाट पुढे येतो, गंधार त्याच्या मागे लपतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर तर फारच त्रास. आपलं जुनं नाट्यसंगीत आणि तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं ख्यालगायन मी पुष्कळ ऐकते, आणि त्यात खरखर असतेच. डीटी ९९०ने ती खरखर उचलून गायकाच्या पुढे आणून बसवली. गाणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ प्रत्येक वेळी कानाला लागला. माझी मैत्रीण याच हेडफोनवर डबिंगमधले ओठांचे आणि श्वासाचे आवाज शोधते, आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. रात्री दमून आल्यावर गाणं ऐकायला नाही. संगणकावर इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर घालून तो उंचवटा खाली आणता येतो, मी आणून पाहिला, आणि हेडफोन खूपच सुधारला. पण फोनवर, भावाच्या लॅपटॉपवर, दर ठिकाणी हे करत बसायचं नसेल तर मुळात तसा नसलेला घ्यावा.

हायफायमॅन एचई४००एसई हा प्लॅनर. यात कॉइल चिकटवलेला शंकू नसतो; अतिशय पातळ पडद्यावरच विद्युतवाहक पट्ट्या असतात आणि तो पडदा चुंबकांच्या क्षेत्रात अखंड हलतो. याचा खर्ज मला सगळ्यात जास्त आवडला, हे मोकळेपणाने सांगते. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड कुठे सुरू झाली आणि कुठे थांबली हे यात बोट ठेवून दाखवता येतं. गुंजन फुगत नाही. तानपुऱ्याचा खर्जही तसाच, भरीव आणि घट्ट. पण माणसाचा आवाज, विशेषतः बायकांचा मध्य सप्तकातला आवाज, यात एक पाऊल मागे जाऊन बसतो. मला गाणारी व्यक्ती समोर हवी, साथीदारांच्या रांगेत नको. ज्याचं ऐकणं मुख्यतः वाद्यांचं किंवा इलेक्ट्रॉनिक संगीताचं आहे त्याने माझं न ऐकता हाच घ्यावा. शिवाय तो एचडी ५६०एसपेक्षा स्वस्त आहे. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत हायफायमॅनची किंमत १४९ डॉलर होती आणि सेनहायझरची जवळजवळ २००.

के७०२बद्दल एवढंच की पसारा सगळ्यात मोठा याचा. मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं की डावीकडचा तबला आणि उजवीकडची पेटी लांब लांब जातात. पण खर्ज इतका पातळ की तानपुरा तीन तारांचा वाटतो. मोनो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज असलेल्या, रेकॉर्डिंगला तर या पसाऱ्याचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे सगळं मधोमधच असतं, आणि आपल्या संगीताचा केवढा तरी मोठा ठेवा मोनोच आहे. हेडफोन निवडताना लोक याच पसाऱ्याला ‘साउंडस्टेज’, ‘साउंडस्टेज’ करतात तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं: तुम्ही काय ऐकता ते आधी बघा. ज्याची आवड जुन्या आवाजांची आहे त्याने रुंदीला पैसे मोजू नयेत, आवाजाच्या खरेपणाला मोजावेत.

त्या दृष्टीने एचडी ६५० चौघांच्याही वर आहे. २००३ साली आलेला हेडफोन, आणि अजूनही माणसाचा गळा इतका उबदार, इतका जवळचा मी दुसऱ्या कशात ऐकला नाही. पण तो महाग, आणि खेळात मला त्याचा आवाज डोक्याजवळच गोळा झाल्यासारखा वाटला. फक्त गाणं ऐकायचं असतं तर मी पैसे साठवून तोच घेतला असता.

गाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती मला कुठेच वाचायला मिळाली नाही. रियाजाला ओपन-बॅक हे मोठं वरदान आहे. रात्री उशिरा तानपुरा मोठ्याने लावता येत नाही, खाली-वर माणसं झोपलेली असतात. बंद हेडफोनमध्ये तानपुरा लावून गायलं की आपला आवाज हाडांतून आत घुमतो, जाड आणि खोटा ऐकू येतो, आणि त्याला सावरायला जाऊन गाणारा हटकून जोर लावतो. माझा वरचा षड्ज तेव्हा दर वेळी किंचित चढायचा. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये आपला आवाज खोलीतून, हवेतून कानावर येतो, अगदी शेजारी तानपुरा ठेवून बसल्यासारखा. दबक्या आवाजात खर्जाचा रियाज मी आता असाच करते. गुरुताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः लावून दोन आवर्तनं आलाप केला आणि म्हणाल्या, “अगं, यात माझा मलाच त्रास होत नाहीये.” त्यांच्याकडून ही मोठी पावती. फक्त गाणं रेकॉर्ड करायचं असेल तेव्हा हा वापरू नका. जाळीतून निघालेला तानपुरा माइकमध्ये शिरतो. तिथे बंदच हवा.

खेळाकडे वळते. व्हॅलोरंटमध्ये धावताना पावलं वाजतात, शिफ्ट दाबून चाललं तर वाजत नाहीत, त्यामुळे अर्धा खेळ कानांवर चालतो. हेवन नकाशावर स्पाइक, म्हणजे खेळातला बॉम्ब, लावायच्या जागा (साइट) तीन, ए, बी आणि सी, आणि आम्ही माणसं पाचच. कोणीतरी एकटं पडतंच, आणि एकटं पडलेल्याला पावलांच्या आवाजावरच ठरवावं लागतं की थांबायचं की मागे सरायचं.

डावं-उजवं आपल्याला मुख्यतः वेळेतून आणि आवाजाच्या पातळीतून कळतं. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा आधी पोहोचतो; हा फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद. पुढून की मागून, वरून की खालून, हे मात्र कानाच्या पाळीच्या घड्यांवर आपटून आवाजाच्या वरच्या भागात जे बदल होतात त्यावरून मेंदू ओळखतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे दोन्ही खेळ हीच गोष्ट गणिताने करतात, तिला एचआरटीएफ म्हणतात. हा सगळा हिशोब साध्या दोन वाट्यांच्या स्टीरिओ हेडफोनसाठी केलेला असतो. म्हणून व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ चालू करा आणि संगणकातलं किंवा हेडसेटबरोबर आलेलं ‘७.१ सराउंड’ (भोवती अनेक स्पीकर असल्याचा भास देणारं) बंद करा. दोन्ही एकदम चालू ठेवलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि मागचा माणूस पुढे ऐकू येतो. खोक्यावर ७.१ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देण्यात काहीच अर्थ नाही.

या चौघांत खेळासाठी के७०२ आणि डीटी ९९० किंचित पुढे. पहिल्यात दिशा झटकन कळते, दुसऱ्यात पावलं टोकदार येतात. पण डीटी ९९०वर बंदुकीचे आवाजही तितकेच टोकदार, आणि दोन-तीन सामने झाले की मला कान मिटून घ्यावेसे वाटायचे. एचडी ५६०एसमध्ये ड्रायव्हर जरा तिरके बसवले आहेत, आवाज कानावर समोरच्या बाजूने येतो, आणि दिशा ओळखायला मला काही अडचण आलेली नाही. हायफायमॅनवर स्फोट चालू असतानाही पावलं वेगळी ऐकू येतात. खरा फरक या चौघांमध्ये नाहीच. तो या चौघांत आणि बेस फुगवलेल्या बंद गेमिंग हेडसेटमध्ये आहे. तो बेसच पावलं गिळत होता. भावाने हे हेडफोन दिवाळीत घरी आल्यावर लावून पाहिले आणि पहिल्याच राउंडला म्हणाला, “ताई, वरच्या मजल्यावर कोण चालतंय ते कळतंय गं!”

एक काळजी घ्या. पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज चढवत नेला की गोळीबारही चढतो. त्यात पंखा आणि रस्ता यांच्यावर मात करायला आपण नकळत आणखी दोन-चार खटके वाढवतो, आणि उघड्या हेडफोनमध्ये ही सवय फार लवकर लागते. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास. मी संध्याकाळी शांत वेळी आवाज ठरवून ठेवते आणि नंतर त्याला हात लावत नाही. काउंटर-स्ट्राइक २मध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये आवाज कुरकुरीत किंवा मऊ करायचा पर्याय आहे. आवाज वाढवण्याआधी तो बदलून बघा.

आता ओहमची, म्हणजे हेडफोन विजेला करतो त्या अडथळ्याची, भीती. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात मला सांगितलं, “ताई, हा १२० ओहमचा आहे, अँप घेतल्याशिवाय आवाजच यायचा नाही,” आणि हेडफोनइतक्याच किमतीचा अँप (आवाज वाढवणारं यंत्र) पुढे केला. हे खरं नाही. नुसत्या ओहमवरून काही ठरत नाही, संवेदनशीलताही, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज येतो तेही, बघावी लागते. फोनला लावायची छोटी यूएसबी-सी डॅक (डिजिटल आवाजाचं हेडफोनला चालणाऱ्या विजेच्या लहरींत रूपांतर करणारी डबी) साधारण एक व्होल्ट देते असं धरू. कंपन्यांच्याच आकड्यांवरून हिशोब केला तर एक व्होल्टला एचडी ५६०एस ११० डेसिबल देतो. के७०२ १०५. डीटी ९९०चा २५० ओहमचा प्रकार साधारण १०२. आणि ज्याच्यावर ९१ डेसिबल असा लहानसा आकडा बघून लोक घाबरतात तो एचई४००एसई, ३२ ओहमचा असल्याने, १०६ च्या आसपास जातो. फक्त त्याला त्यासाठी ३१ मिलिअँपियर प्रवाह लागतो, तर डीटी ९९०ला ४. म्हणजे एकाला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला प्रवाह हवा. एचडी ५६०एसला दोन्ही माफक. माझा हेडफोन त्या छोट्या डॅकवरच चालतो आणि निम्म्याच्या वर आवाज न्यावा लागत नाही. संगणकाच्या पुढच्या जॅकवर सूक्ष्म गुणगुण ऐकू येत होती, डॅक लावल्यावर ती गेली. तेवढ्यासाठी डॅक जरूर घ्या. अँपचे पैसे वाचवा.

बसण्याचं. मी चष्मा लावते आणि कानात मोत्याच्या कुड्या घालते. कुडीची फिरकी कानामागे गादीखाली आली की दहा मिनिटांत टोचायला लागते, आणि याबद्दल कुठल्याही परीक्षणात एक ओळ नसते. एचडी ५६०एसची पकड सुरुवातीला घट्ट आहे. मी तो काही रात्री पेटीच्या खोक्यावर ताणून ठेवला, मग सैलावला. आता वजन २४० ग्रॅम असल्याने डोक्यावर आहे हे विसरायला होतं. कुड्या तरी काढूनच ठेवते. डीटी ९९०ची मखमल सगळ्यांत मऊ आणि चष्म्याला सर्वांत सोयीची. एचई४००एसई ३९० ग्रॅमच्या घरातला, माझ्या मानेला तासाभरात जाणवला. के७०२चा पट्टा आपोआप डोक्याच्या मापाचा होतो, वजनही कमी, पण त्या जुन्या प्रतीच्या पट्ट्याला आतून उंचवटे होते आणि ते टाळूला लागायचे.

केबलकडे नीट बघा. डीटी ९९० प्रोची गुंडाळी केबल हेडफोनला कायमची जोडलेली असते. तुटली तर सोल्डरिंगवाल्याकडे जावं लागतं. बाकी तिघांची निघते. एचडी ५६०एसची तीन मीटर लांब आहे, टेबलाला ठीक, पण अंथरुणावर बसून ऐकताना पायात येते. मी मधे वेलक्रो बांधलाय.

विकत घेताना मुंबईत खरी अडचण ऐकून बघण्याची. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभं राहून ऐकून मग घेता यायचं; ते २०१६ साली बंद झालं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर केबल, जॅक, माइक, सुटे भाग सगळं मिळतं आणि भावही करता येतो, पण मी गेले त्या दुकानांत ओपन-बॅक एकतर नव्हता किंवा सीलबंद खोक्यात होता. सील तोडून ऐकू द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि त्यांचंही बरोबर आहे. म्हणून ओळखीत विचारा. गाण्याच्या क्लासमध्ये, ऑफिसात, एखाद्या डबिंग करणाऱ्या मित्राकडे यातला एखादा तरी हेडफोन सापडतो, आणि माणसं आनंदाने देतात. घरी आणून आपल्या पंख्याखाली ऐका. मी माझा ऑनलाइन सेलमध्ये पंधरा हजारांच्या आत घेतला. घेताना भारतातली वॉरंटी आहे ना, बिलावर सिरीयल नंबर आहे ना, हे तपासून घेतलं.

माइक यांपैकी एकालाही नाही. एचडी ५६०एसची केबल वाटीत घालून फिरवून अडकवावी लागते आणि तिथला जॅक २.५ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे ३.५च्या जॅकवर बसणारे दांडीचे माइक त्यात जात नाहीत. मी लॅमिंग्टन रोडवरून कॉलरला लावायचा साधा माइक आणला आणि तो वाटीच्या कडेला क्लिपने लावला. सुरुवातीला भावाला माझ्या बोलण्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू जात होता. माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर आणला, श्वास थेट पडणार नाही असा खाली वळवला, फोमची टोपी घातली आणि संगणकात माइकची पातळी निम्म्यावर आणली, तेव्हा पंखा गेला. आणि कान उघडे असल्यामुळे स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येतो, म्हणून रात्री अकराला ‘सी साइटवर दोघं’ हे सांगायला ओरडावं लागत नाही.